दुप्पट म्हणजे किती?

गणितातील रीतींत त्रैराशिकाइतकी उपकारक रीत दुसरी नाही, असे मला वाटते. तीन राशी ठाऊक असल्या की चौथी आपोआप हाती येते. ४ किलो गुळाला २४० रुपये पडतात, तर ७ किलो गुळाला ४२० रुपये पडतील, हे सांगण्यास कागदही लागत नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. त्यातील ‘लीलावती’ या भागात त्यांनी त्रैराशिकाचा मोठा गौरव केला आहे. परमेश्वराने जसे विश्व व्यापले आहे, तसे या रीतीने गणित व्यापले आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले आहेत.

परंतु जी रीत फार सोपी, तिचा दुरुपयोगही फार. एक धोतर उन्हात वाळण्यास २ तास लागतात, तर पाच धोतरे वाळण्यास किती तास लागतील? हा प्रश्न वर्गात घातला की ‘दहा तास!’ म्हणून पुष्कळ हात वर होतात. क्षणभराने कोणीतरी हसते, आणि मग सारा वर्ग हसतो. गुणाकार बिनचूक असतो. चुकलेला असतो तो विचार.

याचा दोष मी मुलांना देत नाही. आपल्या पुस्तकांत प्रकरणाच्या माथ्यावर ‘समप्रमाण’ असे छापलेले असते आणि खाली वीस उदाहरणे असतात. रीत कोणती, हे मथळ्यानेच सांगून टाकल्यावर मुलाला निवडण्याचे काम उरत नाही. बाजारात, शेतात वा वर्तमानपत्रात असे मथळे नसतात. म्हणून निरनिराळ्या प्रकारची उदाहरणे सरमिसळ करून द्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. खुद्द भास्कराचार्यांनी समप्रमाणापाठोपाठ व्यस्त त्रैराशिक सांगितले आहे. धान्याची रास तीच ठेवून माप मोठे घेतले, तर भरलेल्या मापांची संख्या घटते. तेथे सरळ त्रैराशिक लावणारा फसतो.

भूमितीत ही फसगत अधिक खोल असते. १० मीटर बाजूच्या चौरस वाफ्याची बाजू दुप्पट केली, तर क्षेत्रफळ १०० चौरस मीटरांवरून २०० वर जात नाही. ते ४०० होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १ : ५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १ किलोमीटर. मग नकाशावर ६ चौरस सेंटिमीटर भरणारा तलाव प्रत्यक्षात केवढा? घाईने उत्तर येते, ३ चौरस किलोमीटर. वस्तुतः नकाशावरील २ सेंटिमीटर बाजूचा चौरस, म्हणजे ४ चौरस सेंटिमीटर, हे १ चौरस किलोमीटर होते. तेव्हा तलाव दीड चौरस किलोमीटरचा आहे. तलावाच्या जागी कोणाची जमीन असती, तर ही चूक किती महागात पडली असती!

मग दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल तर काय करावे? यज्ञवेदी रचणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. बौधायनाच्या शुल्बसूत्रात त्याचे उत्तर आहे: चौरसाच्या कर्णावर उभारलेला चौरस दुप्पट होतो. हे पडताळण्यासाठी एक चौरस कागद घ्या व त्याचे चारही कोपरे मध्यबिंदूकडे दुमडा. आत लहान चौरस तयार होईल. दुमडलेले कोपरे त्याला बरोबर झाकतात. न कुठे फट, न कुठे दुहेरी थर. म्हणजे मूळ कागद लहान चौरसाच्या दुप्पट. आणि मूळ कागदाची बाजू लहान चौरसाच्या कर्णाएवढी आहे, हे पट्टीने मोजून पाहावे.

दोन राशी समप्रमाणात आहेत की नाहीत, हे आलेख काढला की डोळ्यांना दिसते. गुळाचे वजन व किंमत यांचे बिंदू आरंभबिंदूतून निघणाऱ्या एका सरळ रेषेवर येतात. चौरसाची बाजू १, २, ३, ४ घेतली, तर क्षेत्रफळे १, ४, ९, १६ येतात व रेषा वर वळत जाते.

मात्र आलेखही फसवू शकतो. विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये व्यापाराचे आकडे रेषांनी व स्तंभांनी दाखवले. स्तंभांची रुंदी सारखी ठेवली की केवळ उंचीच बोलते. जाहिरातदारांना स्तंभ रुक्ष वाटतात. दुधाची विक्री दुप्पट झाली, तर ते एका लहान बरणीशेजारी दुप्पट उंच बरणी काढतात. आणि चित्र बेढब दिसू नये म्हणून तिची रुंदीही दुप्पट करतात. कागदावर ती चौपट जागा व्यापते. पाहणारा मनात खरी बरणी आणतो, आणि तशा आकाराच्या खऱ्या बरणीत तर आठपट दूध मावते. शेजारी छापलेला आकडा अगदी खरा असतो. तो फक्त बारीक टाइपात असतो.