सैनिकाची रजा आणि आपल्या खिडक्या

सर्जापूर रोडवरील आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर साताऱ्याकडचे एक कुटुंब राहते. पती सैन्यात मेजर असून सध्या उत्तर सीमेवर आहेत. तेथे कुटुंब नेता येत नाही. पत्नी येथील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतात आणि मुलगी दुसरीत शिकते. त्यांच्या स्वयंपाकघरात एक कागद चिकटवलेला असतो. फोन केव्हा येईल आणि केव्हा तुटेल याचा नेम नसल्याने सांगायच्या गोष्टी त्यावर क्रमाने लिहून ठेवतात. एकदा तो कागद माझ्या नजरेस पडला. पहिल्या क्रमांकावर मुलीचा पडलेला दात होता. पुढचे सहाही क्रमांक निरनिराळ्या कार्यालयांतील कामांचे होते.

त्यांतले एक काम मोटारीचे. गाडी एमएच-११, म्हणजे साताऱ्याची. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर नोंदणी बदलावी लागते, हे बेंगळुरूतल्या मराठी माणसाला सांगायला नको. गाडी पतीच्या नावावर, त्यामुळे सही त्यांची हवी आणि ओटीपीही त्यांच्याच मोबाईलवर जाणार. तो मोबाईल जेथे आहे तेथे नेटवर्क नाही, आणि ओटीपीचे आयुष्य काही मिनिटांचे. कुलमुखत्यारपत्र दाखवले, तर खिडकीवरचा कर्मचारी म्हणाला, "साहेबांनाच घेऊन या."

"काका, हे रजेवर आले की बघू," त्या मला शांतपणे म्हणाल्या.

माझ्या मते प्रश्नाचे मूळ या वाक्यात आहे. सैन्यातील अधिकाऱ्याला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा मिळते. ती कुटुंबासाठी आहे, अशी आपली समजूत असते. या कुटुंबाने मागच्या तीस दिवसांच्या रजेचा हिशेब ठेवला होता: नऊ दिवस बँक, विमा, शाळा आणि सरकारी कार्यालयांत गेले. एका हाताने शासन जी रजा देते, ती दुसऱ्या हाताने शासनाच्याच खिडक्या परत घेतात.

पूर्वी ही अडचण नव्हती असे नाही; तिचा भार वेगळ्या खांद्यांवर होता. साताऱ्याजवळचे आपशिंगे हे गाव पहिल्या महायुद्धापासून सैनिकांचे गाव म्हणून ओळखले जाते. अशा गावांत मुलगा पलटणीत गेला की चावडीची कामे वडील किंवा थोरला भाऊ करी, आणि तलाठी घर ओळखत असे. एकत्र कुटुंब हा खर्च विनामोबदला सोसत होते. सर्जापूर रोडवर ना सासरे आहेत, ना तलाठी. सप्टेंबर २०२२ च्या पुरात या रस्त्यालगतच्या वसाहतींतून लोकांना ट्रॅक्टरने बाहेर काढावे लागले, तेव्हा शेजारी धावले. पण शेजाऱ्याला सही करता येत नाही.

अर्थशास्त्रात कष्टाच्या कामासाठी द्यावयाच्या जादा वेतनाचा विचार आहे, आणि शासन तो मानते. २०१७ मध्ये सियाचीन भत्ता जवान व जेसीओ यांच्यासाठी दरमहा १४,००० रुपयांवरून ३०,००० आणि अधिकाऱ्यांसाठी २१,००० वरून ४२,५०० रुपये झाला. हे योग्यच झाले. परंतु गैरहजेरीची जी किंमत पत्नी आपल्या वेळेने चुकवते, ती कोणत्याही वेतन आयोगाच्या तक्त्यात दिसत नाही. आणि ती भत्त्याने भरूनही निघणार नाही.

खेदाची बाब अशी की, यामागचे तत्त्व आपण फार पूर्वीच स्वीकारले आहे. १९२५ च्या भारतीय सैनिक (दावे) अधिनियमानुसार, युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत सेवेत असल्याने सैनिक न्यायालयात येऊ शकत नसेल, तर कामकाज पुढे ढकलता येते. २००३ पासून सैनिकाला आपले मतसुद्धा प्रतिनिधीच्या हाती सोपवता येते. ज्याचे मत दुसरा देऊ शकतो, त्याच्या मोटारीच्या अर्जावर त्याची पत्नी सही करू शकत नाही, हे तर्कात बसत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. सैनिकाने युनिटमधून निघण्यापूर्वी एकदाच दिलेले आणि कमान अधिकाऱ्याने साक्षांकित केलेले प्राधिकारपत्र सर्व कार्यालयांनी ग्राह्य धरावे. ओटीपीसाठी पत्नीचा क्रमांक पर्याय म्हणून नोंदवता यावा. आणि वैध कुलमुखत्यारपत्र नाकारणाऱ्याने नकाराचे कारण लेखी द्यावे. या शेवटच्या अटीनेच निम्मे नकार गळून पडतील, असे माझा सेवेतला अनुभव सांगतो.

तो अनुभव खिडकीच्या आतल्या बाजूचा आहे. सेवेच्या प्रारंभीच्या वर्षांत एका जवानाच्या पत्नीला मी पतीच्या सहीसाठी परत पाठवले होते. कडेवर मूल होते. नियम माझ्या बाजूने होता. निदान मी तसे मानले. नंतर फाईल पाहिली तेव्हा कळले, की पुढल्या रजेत पती येईपर्यंत अर्ज तसाच पडून होता. त्या रजेतला एक दिवस माझ्यासमोरच्या बाकावर गेला. तो परत देण्याची सोय कोणत्याही नियमात नाही. निदान पुढचे दिवस तरी आपण घेऊ नयेत.