चहापर्यंतची वाट

दिवाळीचे कंदील उतरले की आम्हा मास्तर लोकांना नाताळच्या सुटीचे वेध लागतात. ही सुटी आम्हाला वारशाने मिळालेली. साहेब गेला, पण आठवडाभराची रजा मागे ठेवून गेला, याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. मात्र या सुटीत तो स्वतः काय करतो, ते आपण उचलले नाही. पंचवीस डिसेंबरला पोट फुटेस्तोवर जेवायचे आणि दुसऱ्या दिवशी घरातली थोरापोरांची सारी पलटण घेऊन, बुटांना चिखल लागू देत, शेताबांधांवरून चार-पाच मैल चालायचे, अशी तिकडे अनेक घरांत रीत आहे. चालून चालून जायचे ते एखाद्या खेड्यातल्या पबपर्यंत.

पब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाटली येते. पण शब्द मुळात ‘पब्लिक हाऊस’ असा आहे; म्हणजे चारचौघांचे घर. आत शेकोटी असते, बाकडे असते, आणि दमून आलेल्या अनोळखी माणसाने तिथे तासभर टेकले तर ‘आपण कोणाकडले?’ असे कोणी विचारीत नाही. मला वाटते, ती सारी पायपीट बिअरसाठी नसून त्या बाकड्यासाठी असते.

आता आमच्या भिवंडीत असला पब कुठून यायचा? इतिहासाने इथे एक गंमतच करून ठेवली आहे. १९४९ साली विलायतेच्या पार्लमेंटाने एक कायदा करून खेड्यापाड्यांतल्या पायवाटा नकाशावर नोंदवून घेण्याचे काम स्थानिक कौन्सिलांच्या गळ्यात घातले. त्यामागे १९३२ सालची किंडर स्काउट डोंगरावरची चढाई होती. जमीनदारांनी अडवलेल्या त्या माळावर कारखान्यांतली तरुण पोरे मुद्दाम घुसली होती आणि त्यांतली पाचजण तुरुंगात गेली होती. त्याच १९४९ साली आपल्या मुंबई राज्याने कायदा केला तो दारूबंदीचा! त्यांनी वाटा मोकळ्या केल्या, आपण गुत्ते बंद केले. पुढे आपली बंदी सैल झाली. तरी परवान्याची भानगड कायद्यात अजून शिल्लक आहेच. मला तिचे काही सोयरसुतक नाही. माझे सारे चहावर भागते.

नाताळच्या सुटीत मी आणि आमच्या कॉलेजातले भूगोलाचे प्राध्यापक लोनाडपर्यंत चालत जातो. पहाटे गावातून निघावे तो रात्रपाळीचे माग खडखडतच असतात. या आवाजात ज्याला झोप लागते तोच खरा भिवंडीकर! गाव सुटले की कान एकदम हलके होतात. मुंबई-नाशिक हमरस्ता जीव मुठीत धरून ओलांडला की पलीकडे भातकापणी झालेली खाचरे, पेंढ्याच्या उडव्या, उरल्या ओलीवर पेरलेला वाल आणि बांधावर पसरलेले दव. दोन-अडीच तासांची चाल. लोनाडला शिलाहारांच्या काळचे शिवमंदिर आहे, पडझड झालेले, पण कोरीवकाम पाहात उभे राहावे असे. जवळच्या डोंगरात खांडेश्वरीचे लेणे आहे. मूळचे बौद्धांचे, आता देवीचे. आणि शेजारच्या चौधरपाड्याला केशिदेव राजाचा शके ११६१ चा शिलालेख सापडलेला आहे, दानाचा. त्या काळी दानाच्या शिळेवर चंद्र-सूर्य कोरीत आणि जो कोणी हे दान मोडील त्याला गाढवाचे चित्र काढून अशी काही शिवी हासडीत, की वर्गात तिचा अर्थ सांगताना माझी त्रेधा उडते. गधेगाळ म्हणतात ती हीच.

आमच्या या वाटेला असली एखादी गधेगाळ कोणी घालून ठेवली असती, तर किती बरे झाले असते! गेल्या काही वर्षांत भिवंडीच्या आसपास गोदामांचे जे पीक आले आहे, ते तुम्ही येता-जाता पाहिलेच असेल. मुंबईला घरपोच जाणारा साबण, चपला, दूरध्वनी, सारे आधी इथे येऊन विसावते. त्याला माझी ना नाही. भाताने कधी बांधून दिले नसते असे घर त्या भाड्यावर उभे राहिलेले मी पाहिले आहे, आणि माझ्या वर्गातली कितीतरी मुले त्या गोदामांतल्या पगारावर फी भरतात. पण गोदामाला भिंत लागते. बांधावरून गेलेली वाट त्या भिंतीपाशी येऊन अशी थांबते, की जणू बोलता बोलता कोणी तोंडावर हात ठेवला. एका वर्षी आम्ही वळसा घेतला. पुढल्या वर्षी वळशालाही भिंत!

आमच्या एका वकील मित्राला विचारले, तेव्हा तो म्हणाला, कायदा आहे की! १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ तहसीलदाराला बांधावरून वाट ठरवून द्यायला सांगते. १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा अडवलेली वहिवाट खुली करून देतो. पण दोन्ही ठिकाणी आपल्या शेताकडे जाणारा शेतकरी धरलेला आहे. ज्याचे पलीकडे शेत नाही, औत नाही, जो नुसता चालतो, त्याच्यासाठी काय? मित्र हसला. म्हणाला, “तू बस घे.”

लोनाडच्या अलीकडे एक चहाचे हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी आणि कढईत तळला जाणारा वडा. एका बाकड्यावर गोदामातला बिहारी हमाल, त्याच्या शेजारी दूध घालून परतणारा आगरी म्हातारा, माग चालवणारा मोमीन कारागीर आणि मधोमध आम्ही दोघे प्राध्यापक. सगळ्यांना एकाच किटलीतला चहा. ज्या देशात कित्येक गावांत दलितांसाठी वेगळी कपबशी टांगलेली असे, आणि ज्या भिवंडीने १९७० आणि १९८४ चे दंगे पाहिले, तिथे असे एक बाकडे असणे ही मला लहान गोष्ट वाटत नाही. गाडीतून येणाऱ्याला ते दिसायचे नाही. तो हमरस्त्यावरच्या काचेच्या हॉटेलात थांबतो.

गेल्या नाताळात आम्ही टेकलो तेव्हा मालकाने आमच्या धुळकट बुटांकडे पाहिले आणि चहा पुढे सरकवीत विचारले, “सर, जागा बघायला आलात?” नुसते चालायला आलो, असे सांगितल्यावर त्याने आणि त्या म्हाताऱ्याने एकमेकांकडे पाहिले. मग म्हाताऱ्याने आपण होऊन सांगितले, की त्याच्या लहानपणी लोनाडची माणसे भिवंडीच्या बाजाराला याच बांधांवरून जात. कुठून वळायचे, ओढा कुठे उतरायचा, हे तो बोटाने बाकड्यावर रेघा काढून दाखवीत राहिला. भूगोलाच्या प्राध्यापकांनी खिशातून कागद काढून ते सारे उतरवून घेतले आहे.

यंदा त्या रेघांवरून जायचा बेत आहे. कोणा वाचकाला आपल्या गावाजवळ असेच निघायचे असेल, तर जुने बूट घालावेत, कुत्र्यांसाठी हातात काठी असू द्यावी. थर्मास मात्र घरीच ठेवावा.