बाल आणि कुमार

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक प्रश्न उपस्थित झाला. माझा नातू दहा वर्षांचा. त्याचा कंठ गोड आहे. दूरचित्रवाणीवरील बालगायकांच्या स्पर्धेस त्यास पाठवावें, असा चिरंजीवांचा व सूनबाईंचा आग्रह. मला विचारलें तेव्हां मीं चार दिवसांची मुदत मागितली. त्या अवधींत मनांत जें आलें तेंच आज वाचकांपुढें ठेवितों.

आपल्या लाडक्या गायकांस चिकटलेलीं नांवें मोठीं मौजेचीं आहेत. नारायण राजहंस या बालकाचें गाणें ऐकून लोकमान्यांनीं त्यास ‘बालगंधर्व’ म्हटलें, असें सांगतात. १९६७ सालीं ते वारले तेव्हां त्यांचें वय ७९ होतें. तरी ते ‘बाल’च राहिले. शिवपुत्र कोमकळी हे १९९२ सालीं ६७ व्या वर्षीं गेले, तेही ‘कुमार’ म्हणूनच. रसिकांस बाल्य प्रिय असतें. वाढण्याचें कष्ट मात्र गायकासच करावे लागतात.

कुमार दहा-अकरा वर्षांचे असतांना थोर गवयांच्या तबकड्यांतील गायकी जशीच्या तशी गात, आणि सभा थक्क होत. परंतु ती गायकी परक्याची होती. एवढी कीर्ति लाभल्यावरही ते मुंबईस प्रो. देवधरांपुढें विद्यार्थी होऊन बसले. पुढें १९४७ च्या सुमारास क्षयानें गांठलें. देवासला कित्येक वर्षें गाणें बंद. अंथरुणावरून माळव्याचीं लोकगीतें तेवढीं कानीं पडत. १९५३ सालीं ते पुनः मैफलींत आले ते स्वतःचें गाणें घेऊन. टाळ्या थांबल्या असतां जें घडलें, तेंच त्यांचें खरें वय होय.

हें लिहितांना एक जुनी गोष्ट मनास बोंचते. धाकट्या बंधूंचा मुलगा असाच गोड गाई. मेळे, स्नेहसंमेलनें, हळदीकुंकू, सर्वत्र आम्हीं त्यास मिरविलें. तेराव्या वर्षीं आवाज फुटला. आमंत्रणें थांबलीं, आणि आम्हीही त्यास ‘गा’ म्हणेनासे झालों. गुरु कोणींच करून दिला नव्हता. घरांत शिक्षक मी. तेव्हां मुख्य अपराधी मीच. आज तो चाळिशी ओलांडून गेला आहे. गणपतीच्या आरतीस शेजारीं उभा राहतो, परंतु ओंठ मिटलेले असतात. माझ्याकडे पाहून हंसतो. तें हंसणें मला सोसवत नाहीं.

पांचव्या दिवशीं मीं माझें मत सांगितलें: आधीं गुरु, मग स्पर्धा, शिकवणीचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनांतून. सूनबाईंनीं हळूच विचारलें, “मामंजी, तोंवर त्याचा आवाज फुटला तर?”

मीं म्हटलें, “फुटेलच. तेव्हां तो घरांत असावा, आणि त्या बेसुर दिवसांतही त्याला ‘गा’ म्हणणारें कोणी तरी जवळ असावें.”

नातवाची पहिली शिकवणी गेल्या गुरुवारीं झाली. नेण्याआणण्याचें काम मीं पुतण्याकडे दिलें आहे. त्यानें ‘नाहीं’ म्हटलें नाहीं.