घरात मांजर असताना कुत्रा कोणता आणावा?



मागच्या आठवड्यात भाचेसुनेचा फोन आला. "मावशी, कुत्रा घ्यायचा म्हणतोय. कोणत्या जातीचा घेऊ? तुमच्याकडे कायम कुत्री असतात म्हणून विचारते." त्यांच्या घरात नऊ वर्षांची मांजर आहे, शिवाय नातीचे दोन ससे आहेत. मुलाने मोबाइलवर निळ्या डोळ्यांचा हस्की बघितलाय, भाच्याला लॅब्राडोर हवाय, आणि माझी बहीण म्हणते, घरात आणखी एक जीव आणाल तर मी बस्तीतच जाऊन राहीन. मी तिला म्हटलं, दोन दिवस दे, विचार करून सांगते. विचार करायला बसले तर एवढं आठवलं की म्हटलं इथेच लिहावं.

आधी आमची गोष्ट सांगते. ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा आम्ही जुन्या घरात होतो, मागे परडं, परड्यात लिंबाचं झाड. यांच्या ओळखीच्या एकांनी कारवानी जातीचं पिल्लू दिलं. आपल्या भागात ही जात सगळ्यांना माहीत आहे. मुधोळकडे तिलाच मुधोळ म्हणतात. लांब तोंड, काडीसारखे पाय, पोट आत गेलेलं. पिल्लू इतकं देखणं की शेजारच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. घरात मनी मांजर आधीपासून होती. पिल्लू आणि मनी आठ महिने एकाच पोत्यावर झोपले. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायची, बघा, आपल्या घरात वैरही विसरतात.

एका दुपारी मनी कशाला तरी दचकून परड्यातून पळाली. तिला पळताना त्याने बघितलं. मी तव्यावर भाकरी टाकली होती. आवाज ऐकून बाहेर येईपर्यंत सगळं झालं होतं. तो शेजारी उभा राहून शेपूट हलवत होता. त्याला वाटत होतं, त्याने काहीतरी चांगलं केलंय.

मनीच्या कानात णमोकार म्हटला. जीवंधरकुमाराने मरणाऱ्या कुत्र्याला णमोकार ऐकवला आणि तो यक्ष झाला, ही कथा लहानपणी आईकडून ऐकलेली. मला मात्र तो मांजरीला ऐकवावा लागला, तोही माझ्याच कुत्र्यापायी. त्या दिवसापासून कुत्र्याच्या गळ्यात साखळी पडली. पुढे त्याला मळ्यावर पाठवलं. तिथेही गडी त्याला बांधूनच ठेवायचा. धावण्यासाठी जन्मलेलं जनावर सहा वर्षं खुंट्याभोवती फिरून गेलं.

लोक म्हणाले, कुत्रा बिघडला. मीही तेच म्हणायची. पुढे स्वाध्यायात कार्तिकेयानुप्रेक्षा वाचायला घेतली तेव्हा अनर्थदंडाच्या प्रकरणात मांजरासारखे हिंसक प्राणी पाळण्याचा उल्लेख आला. शस्त्रं विकणं आणि असले प्राणी पाळणं तिथे एकाच ओळीत मांडलंय. मी पुस्तक मिटून ठेवलं. कुत्रा बिघडला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या वाडवडिलांना पळणाऱ्या सशामागे धावण्यासाठी निवडून वाढवलं, तो आम्ही पळणाऱ्या जनावराच्या घरात आणला होता. हिशेब आमच्याकडून चुकला होता. मी बी.कॉम. झालेली, पण खतावणी बघायला जमलं नाही, नुसतं मुखपृष्ठ बघितलं.

म्हणून माझं मत असं आहे की कुत्र्याची जात म्हणजे रूप नव्हे. माणसाने त्याला कोणत्या कामासाठी घडवलं, ते म्हणजे जात. ते काम आपण विसरलो तरी त्याचं रक्त विसरत नाही. आणि घरात आधीपासून जे जीव आहेत, त्यांतल्या सगळ्यात दुबळ्याच्या बाजूने बघून निवड करायची. मुलाच्या हौसेच्या बाजूने बघायची नाही.

आता एकेक बघा. डॅशहंड म्हणजे तो लांबुळका, आखूड पायांचा, मुलांना हसू येतं तो. जर्मनीत त्याला बिळात शिरून जनावर बाहेर काढायला तयार केलं. टेरियर जातीचे बरेचसे कुत्रे उंदीर मारण्यासाठी वाढवलेले. बीगल सशाच्या वासामागे धावणारा. दुसऱ्या कुत्र्यांत तो छान रमतो, कारण टोळीने शिकार करायचा, पण ससे असलेल्या घरात बीगल आणणं म्हणजे माझीच चूक पुन्हा करणं. हस्की तर सैबेरियातला, बर्फात गाडी ओढणारा, अंगावर केसांचे दोन थर. सांगलीच्या एप्रिलमध्ये आपल्यालाच पदर नकोसा होतो, त्या बिचाऱ्याने काय करावं? शिवाय लहान जनावर दिसलं की त्याचं मन पालटतं. भाच्याचा मुलगा रुसेल, रुसू दे.

लॅब्राडोरची गंमत अशी की तोही शिकाऱ्याचाच कुत्रा. पण त्याचं काम मारायचं नव्हतं, मारलेला पक्षी दातांनी न चावता तोंडातून आणून द्यायचं होतं. त्यामुळे त्याचं तोंड मऊ आणि स्वभाव समजुतीचा. मांजर असलेल्या घरात परदेशी जातींमध्ये तो बरा. मात्र तो खादाड, कितीही घाला, आणखी मागतो. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली बऱ्याच लॅब्राडोरमध्ये एक असा जनुकीय दोष सापडला की ज्यामुळे पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही. म्हणजे त्या बिचाऱ्याला हावरट म्हणण्यातही अर्थ नाही. आणि केस! वर्षभर गळतात. चौक्यात एक केस आला तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

पगबद्दल मला बोलायचंच आहे. जाहिरातीत मुलाच्या मागे मागे चालणारा तो कुत्रा आला आणि घरोघरी पग झाले. मांजरीला त्याचा त्रास नाही, हे खरं. पण माणसाने त्याचं नाक चेपत चेपत इतकं आत नेलंय की उन्हाळ्यात त्याला धड श्वास घेता येत नाही. रात्री घोरतो त्याला आपण गोड म्हणतो.

इथे मला तत्त्वार्थसूत्रातले अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवतात. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. पाठशाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेत आणि परीक्षेपुरते ठेवून दिलेत. कुत्रा घेताना ते एकेक लावून बघा. दिवसभर साखळीला बांधणार असाल तर बंध झाला. डॉबरमनची शेपूट आणि कान 'रुबाब' यावा म्हणून कापतात, तो छेद. श्वास घेता येणार नाही असं शरीर देऊन वरून त्याला पळायला लावायचं, याला मी अतिभारच म्हणते. कुणी पंडित मान्य करोत, न करोत.

राहिला अन्नपाननिरोध. आपल्या घरांतला खरा अडलेला प्रश्न हा आहे, आणि त्यावर आपण बोलत नाही. आपण मांसाहारी नाही, मग कुत्र्या-मांजराला काय घालायचं? इथे कुत्रा आणि मांजर यांना एका मापाने मोजू नका. कुत्रा हजारो वर्षं माणसाजवळ राहून धान्य पचवायला शिकला आहे. भात, भाकरी, डाळ त्याला पचते, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने नीट मेळ घातला तर शाकाहारावर तो चांगला राहू शकतो. नुसता दहीभात म्हणजे मेळ नव्हे, एवढं लक्षात ठेवा. मांजराचं तसं नाही. टॉरिन म्हणून एक घटक तिला अन्नातूनच मिळावा लागतो, तो मांसात असतो. तो मिळाला नाही तर तिचे डोळे आणि हृदय जातं. तेव्हा दूधभातावर मांजर ठेवली म्हणजे अहिंसा झाली असं समजू नका. ती बाहेर जाऊन उंदीर-पाखरू मारते म्हणून जगते, आपण फक्त तिकडे बघत नाही. माझं स्पष्ट मत आहे, जी मांजर घरात आहे तिला शेवटपर्यंत नीट सांभाळावं, तिच्यासाठी काय आणायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं आणि मन खात असेल तर खाऊ द्यावं. नवी मांजर मात्र आपल्या घराने आणू नये.

कुत्र्याच्या बाबतीत आपलं स्वयंपाकघर एका अर्थी सोयीचं आहे. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतात, रक्तावर परिणाम होतो. आपल्याकडे ते येतच नाहीत. द्राक्षं आणि बेदाणे मात्र विषासारखे. आपल्या भागात ते घरोघरी पडलेले असतात, तेवढे उचलून ठेवा. आणि आमची काळी दिवेलागणीच्या आधी आमच्याबरोबरच जेवते. तिने रात्रिभोजनत्याग केव्हाच घेतलाय.

ही काळी म्हणजे आमची आताची कुत्री, साधी गावठी. माझी निवड विचाराल तर हीच. दोनेक वर्षांची असताना आली. पिल्लू आणलं की त्याचा स्वभाव पुढे काय होईल ते कुणाला सांगता येत नाही. आमच्या कारवानीनेही आठ महिने काही कळू दिलं नव्हतं. मोठं जनावर समोर बघून घेता येतं. काळीला घ्यायच्या आधी आम्ही शेजारची मांजर जाळीपलीकडे ठेवली. काही कुत्री अशा वेळी ताठ होतात, नजर हलत नाही, हाक मारली तरी ऐकू जात नाही. अशाला सोडून द्यावं. काळीने बघितलं, जांभई दिली आणि माझ्याकडे वळली. तरीही पुढचे तीन आठवडे तिला पट्ट्यात ठेवूनच मांजरीसमोर नेलं, आधी एकमेकींची फडकी हुंगायला दिली, आणि मांजरीला चढून बसायला माळ्यापर्यंत फळ्या मारून दिल्या. आजही दोघींना एकटं ठेवून आम्ही बाहेर जात नाही.

सशांचं वेगळं. ससा नुसत्या भीतीनेही दगावतो, कुत्र्याने दात लावायची गरज नसते. जाळीबाहेर कुत्रा फेऱ्या घालत राहिला तर आतला ससा रोज मरतो. नीट ठेवला तर ससा आठ-दहा वर्षं जगतो, तेव्हा हा काही चार दिवसांचा प्रश्न नाही.

विकत घेण्याबद्दल. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा धंद्यांत केशवाणिज्य आहे, म्हणजे केसाळ जीवांचा व्यापार. आपण विकत नाही, फक्त घेतो, असं म्हणून सुटका होत नाही. गिऱ्हाईक नसेल तर दुकान चालत नाही, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. घेणाऱ्यांपैकी किती जण ते प्रमाणपत्र मागतात?

त्याच यादीत निर्लांछनही आहे, जनावरांना खच्ची करण्याचा धंदा. म्हणून काही मैत्रिणी विचारतात, कुत्रीचं ऑपरेशन करावं का? मी काळीचं केलं. ६३ दिवसांत पाच-सहा पिल्लं, तीही वर्षातून दोनदा. त्यांतली निम्मी गाडीखाली जाणार हे डोळ्यांना दिसत असताना हात जोडून बसणं मला जमलं नाही. माताजींना विचारलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, प्रायश्चित्त म्हणून महिनाभर एक रस सोड. मी तूप सोडलं. चुकलं असेल तर माझ्या खात्यावर.

आणखी एक, चातुर्मासात ज्यांच्या घरी आहार होतो त्यांच्यासाठी. महाराजांच्या पायांमधून पंचेंद्रिय जीव गेला तर अंतराय होतो. त्यामुळे चौक्याच्या दिवशी कुत्रं सांगितल्या जागी दोन तास बसायला हवं. धसमुसळं, सतत अंगावर येणारं जनावर असेल तर आदल्या दिवशी कुणाकडे तरी ठेवायची सोय बघा. काळी मागच्या पडवीत बसते. एकदा 'नमोऽस्तु'चा गजर ऐकून तिनेही सूर लावला होता, तेव्हा पडगाहनाला उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांची हसू आवरताना तारांबळ उडाली.

आणि वय. कुत्रा बारा-तेरा वर्षं जगतो. मी आता पासष्टची. काळी सात वर्षांची आहे. तिच्यानंतर आणायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. यांनी मात्र परवा पेठेतून येताना लंगडं पिल्लू बघितलं, ते दोन दिवस सांगताहेत.

भाचेसुनेला फोन करून सांगितलं, ससे आहेत तोवर काही आणू नका. नंतर आणायचाच झाला तर हस्की नाही, बीगल नाही, कारवानी तर मुळीच नाही. मोठा, गावठी, मांजरीसमोर उभा करून बघितलेला आणा. एकदा नाही, तीनदा जाऊन बघा. ती म्हणाली, "मुलगा ऐकणार नाही, मावशी." मी म्हटलं, शनिवारी त्याला इकडे पाठव. काळी आहे, आणि परड्यात लिंबाखालची ती जागाही आहे. जुनं घर पाडलं तरी झाड आम्ही ठेवलंय. मनीची गोष्ट त्याला तिथे बसून सांगेन.