खेळावरच्या कवितेतून जात कोण खोडते?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. अशा विजयानंतर मुलांना वर्गात कविता लिहायला सांगतात आणि वहीत उतरते काय? जिद्द, तिरंगा, वीज, वाघ. मुलाने डोळ्यांनी पाहिलेले त्यात काहीच नसते.

गुरुजी म्हणतात, जिवंत लिहा. मग खो-खोच बघू. मागून पाठीला हात लागून ‘खो’ मिळाल्याशिवाय पाटीवर बसलेला गडी उठू शकत नाही. ज्या देशात स्पर्शाचाच विटाळ मानला गेला, तिथला हा खेळ स्पर्शावर चालतो! मुलाला हे सुचू शकते. पण ‘खेळात जात नसते’ असे आधीच बजावून आपण त्याची ओळ खोडून टाकतो.

खेळात जात असते. बाळू पालवणकर चांभार समाजातले, पुण्यात हिंदू संघाचे फिरकी गोलंदाज. त्यांच्या हातचा चेंडू सवर्ण सहकाऱ्यांना चालायचा, पण चहा त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळायचा. याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय महिला हॉकी संघ ऑलिंपिकची उपांत्य लढत हरला आणि वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिव्या दिल्याची तक्रार तिच्या कुटुंबाला पोलिसांत करावी लागली. त्याच स्पर्धेत तिने हॅटट्रिक केली होती.

‘कोवळ्या मनात जात कशाला घालता?’ हा प्रश्न ज्यांच्या घरी जात कधी शिवी होऊन आली नाही, त्यांनाच पडतो. आमच्या मुलांच्या मनात ती आडनाव विचारणाऱ्याने केव्हाच घातलेली असते.

तेव्हा दिल्ली-नोएडातल्या शिक्षकांनो, विशेषणांची यादी फळ्यावर लिहू नका. प्रश्न लिहा. मैदान कोणी झाडले? पाणी कोणाच्या हातचे प्यालात? संघ निवडताना कोण उरले? हरल्यावर शिवी कोणाला पडली? मुलांना उत्तरे ठाऊक आहेत. ती लिहिली म्हणून त्यांचे गुण कापू नका.