ऊन आमचे, रान आमचे. भाव मात्र त्यांचा?



कापूस-ज्वारीच्या गावात पनवेलचे नाव कशाला, असे कोणी विचारील. कारण आज आपल्या बांधावर जे येऊन उभे आहे, ते पनवेल-उरणच्या शेतकऱ्याने पन्नास वर्षांपूर्वी पाहिले आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायच्या ठरल्या. भातशेती गेली, मिठागरे गेली. हाती पडला तो सरकारने ठरवलेला भाव.

पनवेलचे दि. बा. पाटील यांनी तेव्हा सरळ प्रश्न विचारला: जमीन आमची, तिच्यावर शहर उभे राहणार, किंमत शेकडो पटींनी वाढणार, मग त्या वाढीत आमचा वाटा कुठे? १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात गोळीबार झाला. पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व निघाले. जमीन देणारा हा नुसता विकणारा नाही, तो भागीदार आहे, हे सरकारला मान्य करावे लागले.

आता आपल्याकडे या. २०१४ साली देशात सौर विजेची क्षमता ३ हजार मेगावॅटसुद्धा नव्हती. २०२५च्या जानेवारीत ती १ लाख मेगावॅटच्या पुढे गेली. एवढ्या काचा ठेवायला जागा लागते. पाणी नाही, ऊन भरपूर, जमीन स्वस्त, असे रान कोणाचे? कोरडवाहू शेतकऱ्याचे.

सरकार म्हणते, हे सारे तुमच्यासाठीच चालले आहे. पंपाला दिवसा वीज मिळेल. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिलही माफ आहे. चांगली गोष्ट आहे. पण ज्याच्या रानात विहीरच नाही, त्याला मोफत वीज म्हणजे टकल्याला कंगवा! पावसावर कापूस-ज्वारी घेणाऱ्याचा या व्यवहारात एकच हिस्सा आहे, तो म्हणजे त्याची जमीन. तिचा हिशेब चुकला, तर सगळेच चुकले.

तेव्हा हिशेब करू. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत २०२३ साली हेक्टरी वार्षिक भाडे सव्वा लाख रुपये ठरले. म्हणजे एकरी ५० हजार, वर्षाला ३ टक्के वाढ. एक मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. पाच धरले, तर भाडे झाले अडीच लाख. त्याच पाच एकरांत वर्षाला सुमारे १५ लाख युनिट वीज पिकते. तीन रुपयांचा भाव धरला, तरी ४५ लाखांचे पीक. म्हणजे जमीनवाल्याला सुरुवातीला रुपयातले साडेपाच पैसे.

कोणी म्हणेल, कंपनी मेगावॅटमागे कोट्यवधी रुपये घालते, कर्ज फेडते. खरे आहे. तिचा खर्च निघू द्या, नफाही निघू द्या. आपले भांडण भांडवलाशी नाही. पण दुसरा युक्तिवाद ऐकून घेण्यासारखा नाही. ते म्हणतात, "तुमच्या कोरडवाहू एकरात ५० हजार कधी उरले होते?" उरले नाहीत, कारण वर्षानुवर्षे निर्यातबंदी आणि आयातीचे हत्यार वापरून शेतमालाचे भाव पाडले गेले. आधी धोरणाने आम्हाला गरीब करायचे आणि मग त्याच गरिबीच्या मापाने आमच्या उन्हाची किंमत मोजायची? ही एकाच चोराची दुसरी चोरी आहे.

भाड्याऐवजी जमीन सक्तीने गेली, तर काय होते? धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील आठवा. दोंडाईचा सौर प्रकल्पासाठी त्यांची सुमारे ५ एकर जमीन गेली. मोबदला मिळाला सुमारे ४ लाख. हेलपाटे घालून थकलेल्या त्या म्हाताऱ्याने २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले. २८ जानेवारीला ते गेले. फेरमूल्यांकन झाले ते त्यांच्या मरणानंतर.

म्हणून जिल्हा बैठकीत या मागण्या ठरावाने मंजूर करून घ्या:

१. सौर प्रकल्पासाठी सक्तीचे भूसंपादन नको. सातबारा शेतकऱ्याच्या नावावरच राहील.

२. ठरलेले भाडे किंवा वीजविक्रीच्या साडेबारा टक्के, यांत जे जास्त असेल ते मिळावे. वरच्या हिशेबात एकरी १ लाख १२ हजार होतात. त्यासाठी युनिटमागे सुमारे २० पैसे वाढतील. याच्या दुपटीहून महाग वीज घेणाऱ्या कारखानदारीला ते जड नाहीत.

३. शेतकऱ्यांच्या गटाने स्वतः प्रकल्प उभारायचे ठरवले, तर वीजखरेदी कराराच्या तारणावर बँकेने कर्ज द्यावे.

४. गायरान द्यायचे की नाही, हे ग्रामसभा ठरवील. गुरे काचा खात नाहीत.

५. करार संपल्यावर काचा, लोखंड, काँक्रीट उचलून रान मोकळे करण्याचा खर्च कंपनीने आधीच अनामत ठेवावा.

तोवर कोऱ्या संमतीपत्रावर अंगठा नको, सही नको. एकट्याने दलालाशी बोलू नका. गावाने मिळून बोला. पनवेलला वाटा मिळाला, तो जमिनी गेल्यावर, पाच जीव देऊन. आपल्या जमिनी अजून आपल्या ताब्यात आहेत. जीव द्यायची वेळ येण्याआधीच भाव ठरवून घ्या.