गाडी उंच करावी की रस्ता?



केळीची काढणी सुरू झाली की आपल्या बुऱ्हाणपूरच्या शेतरस्त्यांवर पिकअप गाड्यांची ये-जा वाढते. पूर्वी हे काम बैलगाडी करीत असे. बैलाच्या मानेवर किती ओझे द्यावे हे आपल्या वाडवडिलांस ठाऊक होते. गाडीच्या बाबतीत तो विवेक सुटत चालला आहे, असे आम्हांस वाटते.

काळ्या मातीचा रस्ता पावसात खचतो, चाकोऱ्या खोल होतात, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. मग मालक गाडी गॅरेजात नेतो आणि उंच करून घेतो. कोणी जास्तीचे पाटे घालतो, कोणी पाटा आणि आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवतो. चाकावर मोकळी जागा दिसू लागली की मोठे टायर चढवले जातात. येथेच फसगत होते. ती नीट समजून घेऊ.

पाटे वाढवल्याने गाडीचा सांगाडा वर जातो. आस मात्र होता तेथेच राहतो. म्हणून मागच्या आसावरील डिफरन्शियल पूर्वीइतकेच खाली असते आणि उंचवट्याला तितकेच घासते. ते वर जाते फक्त मोठ्या टायरने, तेही निम्मे. टायरचा व्यास दोन इंच वाढला तर आस एकच इंच उचलला जातो, आणि मडगार्डखालची एक इंच जागा टायर स्वतःच खाऊन टाकतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रिकामी गाडी उभी असताना दिसणारी जागा खरी नव्हे. माल भरला की पाटे दबतात. खड्ड्यात आदळले की चाक वर येते, आणि आस रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत येते. तो ठोकळा मूळच्या जागीच असेल, तर गाडी कितीही उंच केली तरी चाक पूर्वीइतकेच वर येणार. मग मोठे टायर मडगार्डला घासणारच. शिवाय वळणावर पुढचे चाक आडवे फिरते. उंचीमुळे आडवी जागा वाढत नाही. असीरगडच्या घाटात भरल्या गाडीचे टायर बाजूने कापले गेले तर काय होईल, हे सांगावयास नको.

ज्यांनी टायर बदलले आहेत त्यांनी एक सोपी परीक्षा करावी. मडगार्डच्या आतल्या कडेला खडू फासावा, परवानगीइतका माल भरून सावकाश एक फेरी करावी. उतरल्यावर टायरवर खडू दिसला, तर ते टायर त्या गाडीचे नव्हे.

उंच गाडीचा तोल वर सरकतो व ती वळणावर लवकर कलंडते. दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. कडक पाट्यांचे हादरे चालकाच्या कमरेला बसतात, आणि केळीच्या घडालाही. मार बसलेले फळ पिकताना काळे पडते व भाव उतरतो. पाटे वाढवल्याने गाडीची कायदेशीर वहनक्षमताही वाढत नाही, कारण ब्रेक, आस आणि टायर यांची ताकद तीच राहते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. जादा भारासाठी त्याच वर्षीच्या सुधारणेत २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड लिहिला आहे.

परंतु दंडाहून मोठी गोष्ट माणसाची आहे. मालावर मजूर बसवून नेण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेजारच्या यावल तालुक्यात किनगावजवळ पपईची गाडी रात्री उलटली आणि किमान पंधरा मजूर दगावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच राज्यात, दिंडोरी जिल्ह्यात, माणसांनी भरलेली पिकअप उलटून चौदा जण गेले. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा घालण्याची आज्ञा आहे. कोणी पडला तर रक्ताचा दोष घरावर येतो. भरलेली उंच पिकअप ही बिनकठड्याची गच्चीच नव्हे काय? आणि तिच्यावर बसतो तो गरीब मजूर. मालक बसत नाही.

म्हणून आमचे मत असे, की गाडी उंच करण्यापेक्षा रस्ता उंच करावा. पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून पावसाळ्यापूर्वी चाकोऱ्यांत मुरूम टाकावा, पाण्याला बाजूने चर काढावा. प्रत्येकाने गॅरेजात वेगळा खर्च करण्यापेक्षा हे स्वस्त पडेल, आणि त्या वाटेने शेजाऱ्याची गाडी, शाळेची मुले व दवाखान्यात जाणारी बाळंतीणही सुखरूप जाईल. थकलेले पाटे बदलावेत, पण मूळ मापाचेच. मजुरांना वेगळ्या वाहनाने न्यावे, आणि त्याचा खर्च काढणीच्या हिशेबात आधीच धरावा.

देवाने दिलेले पीक बाजारात पोहोचलेच पाहिजे. परंतु ते पिकवणारे हातही संध्याकाळी घरी पोहोचले पाहिजेत.